मंगळ्याच्या नावाची तार

बोईसर,
माघ वद्य एकादशी, १९९४

ती. रामूमामांच्या चरणी कमलाकांतचा नमस्कार. साष्टांग घालायचा विचार होता, पण माझी इथली खोली अशी आहे की कॉट आणि स्टोव्ह यांच्यामध्ये माणूस फार तर गुडघ्यापर्यंत नम्र होऊ शकतो. तेवढ्यावर गोड मानून घ्यावं. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला? बोटीचं इंजिन दुरुस्त झालं, की अजून त्याच्यावर शिव्यांचाच इलाज चालू आहे? घिवलीला आई खुशाल आहे आणि भेटेल त्याला सांगत सुटली आहे की ‘आमचा कमळाकांत डायवर झाला’. ती बातमी दातिवऱ्यापर्यंत पोचल्याचं, तुम्ही सफाळ्याच्या माणसाकरवी धाडलेल्या निरोपावरून कळलं. मासळीचा टेम्पो तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी द्या. मला सायकलसुद्धा उतारावर नीट जमत नाही.

मामा, मी ड्रायव्हर चालवत नाही, लिहितो. आमचा कारखाना कापडाच्या रंगाचा. खाडीच्या अंगाला, एमआयडीसीच्या अगदी टोकाला आहे. तिथं रंगाचा माल मोठमोठ्या भांड्यांत शिजवतात. (आपल्या लग्नातल्या पातेल्यांच्या पणज्या म्हणा.) प्रत्येक भांड्यात एक तरंगता गोळा सोडलेला असतो. माल खुणेपर्यंत चढला की गोळा वर उचलला जातो आणि त्याची तार आमच्या कॉम्प्युटरला कोपरखळी मारते. कॉम्प्युटर हातातलं काम टाकतो, कोण आलं ते बघतो, पडद्यावर एक ओळ लिहितो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. त्या कोपरखळीला इंटरप्ट म्हणतात आणि उठून बघणाऱ्या तुकड्याला हँडलर. मामी भाकरी थापत असताना कडी वाजली की तशाच पिठाच्या हातानं उठतात, दार बघतात, आणि परत येऊन तीच भाकरी पुढे थापतात. मामी हा उत्तम हँडलर आहे. (हे त्यांना वाचून दाखवू नये.) असली तारेची आणि यंत्राची बोलणी जुळवून देणारं जे लिखाण, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आणि ही सगळी माणसं ज्या मूळ कारभाऱ्याच्या हुकमात वागतात त्याला म्हणतात कर्नेल. आमच्या गेटवरचे शिवाजीराव सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी एकदा शेठना म्हणालो की कर्नेलला विचारल्याशिवाय इथं काही हलत नाही, ते त्यांनी ओझरतं ऐकलं. तेव्हापासून ते कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना बुटाच्या टाचा जुळवतात.

माझ्याआधी हे काम मुंबईच्या एका गृहस्थांनी केलं होतं आणि करून ते अमेरिकेला निघून गेले. (इतक्या लांब का गेले, ते त्यांचं काम वाचल्यावर कळतं.) त्यांचा कॉम्प्युटर इंग्रजीत बोलायचा. भांड्यांवरच्या माणसांनी मागणी केली की बोलायचं तर आपलं बोलावं. म्हणून मी इंग्रजी अक्षरांत, पण मराठी शब्द घातले: भांडं तापलं की ‘तापलो’, खुणेपर्यंत भरलं की ‘आलो’, रिकामं झालं की ‘झालो’. लोक खूश झाले. पण एक खोट त्या गृहस्थांपासूनच राहिली होती. बोलणाऱ्याचं नाव पडद्यावर येत नसे. ‘आलो’ एवढंच यायचं, आणि कोण आलं ते बघायला माणसं तिन्ही भांड्यांकडे धावायची. मलाही त्यात विशेष काही वाटत नव्हतं. गोष्टीला नाव नसलं की काय होतं, हे मला दिवाळीनंतरच्या अमावास्येला समजलं.

त्या दिवशी बॉयलरची तपासणी होती, म्हणून कारखाना बंद. भांडी धुऊन, झाकणं उघडी टाकून वाळत ठेवलेली. तुम्हाला बोटीचं इंजिन बंद पडल्यावरची शांतता ठाऊक आहे. कान भरून येतात, तशी. भर दुपार होती. मी कॉम्प्युटरपाशी एकटा होतो आणि सोमी लादी पुसत होती. सोमी म्हणजे आमच्याकडची झाडूवाली, पलीकडच्या डोंगराकडच्या पाड्यावरची. वय माझ्याएवढंच असेल, पण बोलणं निम्म्याहून कमी. फडक्याचा ओला आवाज तेवढा चालू होता. आणि पडद्यावर ओळ आली: आलो.

मी उठून तिन्ही भांड्यांत वाकून बघून आलो. कोरडी ठणठणीत. एकात एक सरडा होता, पण त्याच्या अंगात गोळा उचलण्याइतका दम नव्हता. परत आलो तर सोमी पुसायचं थांबून पडद्याकडे बघत होती. तिनं विचारलं, “काय म्हनतंय?” मी म्हणालो, “आलो म्हणतोय.” तिनं विचारलं, “कोन?” मामा, मी या विषयात डिप्लोमा केला आहे. पण त्या उन्हात, त्या रिकाम्या शेडमध्ये, त्या एका प्रश्नावर मी कॉम्प्युटरच्या मागे वाकून बघितलं. तिनं फडकं पिळलं आणि उरलेली लादी पुसायला घेतली. पण माझ्याकडे पाठ करून नाही, दाराकडे तोंड करून.

म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून नावं द्यायला घेतली. कर्नेलमध्ये तशी सोय असते. कॉम्प्युटर चालू होताना प्रत्येकानं कारभाऱ्यापुढे हजेरी द्यायची: माझं नाव हे, माझी तार ही, माझी कडी वाजली तर अमक्या हँडलरला उठवा. एकदा हजेरी लागली की पुढे त्याच्याकडून येणारी प्रत्येक ओळ त्याच्या नावानिशी छापली जाते. आपल्या जाळ्याच्या तरंगत्या बोयावर आपली खूण असते तसंच. नावं शोधायला मला लांब जावं लागलं नाही, माणसांनी ती आधीच ठेवली होती. मोठं भांडं गोदूबाई, कारण ती तापायला वेळ लावते आणि तापली की दुपारपर्यंत निवत नाही. मधलं शकू, कारण ते गळतं. (खरी शकू कोण ते मी विचारलं नाही, ते नाव सांगणारा माणूस त्या दिवशी रडवेला झाला होता.) आणि लहान ती चिमी. आता तिघी बायका झाल्यावर ‘आलो’ म्हणणार कशा? म्हणून मी सगळीकडचं ‘आलो’ काढून ‘आले’ केलं. गोदूबाई: आले. चिमी: तापले. लोक पडदा बघायला जेवण सोडून येऊ लागले. शेठ म्हणाले, “ये तो पूरा ससुराल बन गया.”

आणि पुढच्या पौर्णिमेला, कारखाना पुरा चालू असताना, गोदूबाई आणि शकू यांच्या दोन ओळींच्या मधोमध एक ओळ आली. नाव नाही. पुरुषी. ‘आलो’.

त्यानंतर कारखान्यात जे चाललं ते सविस्तर लिहीत नाही. आमचा वायरमन भिका यानं कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली. लिंबाचा रस आत उतरला तर कर्नेल जाईल, असं मी सांगितलं, तेव्हा शिवाजीरावांनी लिंबू सोडून नुसत्या मिरच्या ठेवल्या. शेठनी नारळ फोडला, तो माझ्या टेबलावर फुटता फुटता राहिला. मी मात्र लिखाण उघडून बसलो आणि मला ती ओळ सापडली. हँडलरच्या तळाशी त्या मुंबईच्या गृहस्थांनी सोय करून ठेवली होती: कडी वाजली, बघितलं, ती ना गोदूबाईची, ना शकूची, ना चिमीची, तर जे काही असेल ते नावाशिवाय छाप. तिथला शब्द बदलायचा माझ्याकडून राहिला होता. म्हणजे शब्दाचं कोडं सुटलं. पण कडी कोण वाजवतंय, ते तसंच राहिलं. आणि खरं सांगायचं तर आता जास्त भीती वाटू लागली. कारण आधी वाटत होतं, यंत्र चुकतंय. आता कळलं होतं की यंत्र बरोबर आहे, कोणीतरी खरोखरच तार ओढतंय.

सोमी रोज दुपारी आपली भाकरी घेऊन कॉम्प्युटरच्या दारात येऊन बसू लागली. आत यायची नाही. शिवाजीरावांनी तिला दोनदा हटकलं, मग त्यांनीच तिच्यासाठी पाट आणून ठेवला. एक दिवस तिनं मला विचारलं, ती ओळ पुरुषाची आहे ना? मी हो म्हणालो. तेव्हा तिनं सांगितलं. हा कारखाना बांधायच्या वेळी तिचा नवरा मंगळ्या इथं खोदकामाला होता. एके दिवशी दुपारी जेवायला आला नाही. मुकादमानं सांगितलं, पळाला गुजरातेत. पाड्यावर सगळ्यांनी तिला सांगितलं की दुसरं घर कर. त्यांच्यात त्याला आडकाठी नाही. तिनं केलं नाही. दिवाळी सरली की सगळा पाडा भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो, ही एकटी मागे राहते. मी म्हणालो, का? ती म्हणाली, “तो हितून ग्येला ना. मंग यील तं हितंच यील.” आणि मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता, अगदी सहज, “का हितंच हाय?”

मामा, मी तुमचा भाचा. दर्यावर वाढलेल्या आईचा मुलगा. मला हे पहिल्याच वेळी कळायला हवं होतं, पण डिप्लोमा केला की माणसाचं निम्मं शहाणपण कॉलेजच्या लॉकरमध्ये राहतं. ती ओळ अमावास्येला आणि पौर्णिमेलाच सुरू व्हायची, आणि ती भर दुपारी. दुसऱ्या दिवशी थोड्या उशिरानं, तिसऱ्या दिवशी आणखी उशिरानं, आणि मग आठवडाभर बंद. मी एसटीनं घिवलीहून येत होतो, खाडीच्या पुलावर बस थांबली होती, आणि खाली तिवरं गळ्यापर्यंत बुडालेली दिसली. उधाण. मी बसमध्ये मोठ्यानं ‘आलो’ म्हणालो, तर कंडक्टरनं घंटी मारून मला तिथंच उतरवलं. (चालत गेलो. वेळेत पोचलो नाही.)

भिका आणि मी तार धरून निघालो. भिंतीवरच्या पेटीत तीन भांड्यांच्या तारा येत होत्या, आणि त्यांच्याच खाली चिकटवलेली चौथी, रंगानं माखलेली. ती शेडमागून, रिकाम्या पिंपांच्या रांगेखालून गेली आणि एका सिमेंटच्या लादीखाली शिरली. जुन्यांपैकी एकानं सांगितलं, इथं विहीर होती. बांधकामाला पाणी तिचंच. पंपासाठी तिच्यात गोळा सोडला होता, पुढे पंप काढला आणि तोंडावर लादी घातली. म्हणजे सगळं लख्ख झालं. उधाणाला खाडीचं पाणी जमिनीखालून विहिरीत चढतं, गोळा उचलला जातो, आणि कॉम्प्युटर इमानानं सांगतो की कोणीतरी आलं. मी इतका खूश झालो की वळून सोमीला सांगायला गेलो. ती आधीच मागे उभी होती. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला एका तारेचा उलगडा झाला होता आणि तिला एका झाकलेल्या विहिरीचा. खोदकामाचे दिवस. जेवायला न आलेला माणूस. मग घातलेली लादी.

शेठ आधी नको म्हणाले. शिवाजीराव त्यांच्यापुढे टाचा जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, उघडावी लागेल.” उघडली. पहारी घालून लादी सरकवली तेव्हा आतून थंड, खारट वास आला आणि सगळी माणसं एक पाऊल मागे सरली, सोमी एक पाऊल पुढे. पाणी काळं होतं, हातभर खाली, आणि हळूहळू वर येत होतं. डोळ्याला दिसत नव्हतं, पण कडेचं शेवाळ एकेक करून बुडत होतं. मधे तो गोळा, त्याचं पत्र्याचं डोकं सूर्याकडे. भिकानं दोरीला गळ बांधून तळ फिरून फिरून ओढला. गाळ आला. एक फुटकं घमेलं आलं, ते त्यानं हळूच बाजूला ठेवलं. मग पुन्हा गाळ. शेवटी त्यानं मान हलवली. सोमीनं विचारलं, “नाय?” तो म्हणाला, “नाय.” ती खाली बसली. मला वाटलं रडेल. ती हसली, मामा, आणि ते हसणं ऐकून भिकानं दोरी सोडून दिली. नेमकं तेव्हाच गोळा ठक्कन वर उचलला गेला, आणि शेडमधून कोणीतरी ओरडलं की पडद्यावर आलंय. सगळी माणसं विहिरीपाशी होती. शेडमधून ओरडायला कोण होतं, ते आम्ही नंतर बरंच विचारलं. (भिका माझंच नाव घेतो. मी तर त्याच्या शेजारी उभा होतो.)

शेठना विहीर आवडली. थंड करायच्या कामाला पाणी चालेल, गोळा राहू दे, म्हणाले. राहू दे म्हणजे त्याला कर्नेलपुढे हजेरी आणि नाव आलं. मी ‘विहीर’ असं घालणार होतो. पण सोमी दारातल्या पाटावर बसली होती, आणि तिच्यासमोर ते लिहायला हात होईना. मी तिला विचारलं, काय नाव घालू? तिनं फार विचार केला नाही.

पुढच्या अमावास्येला, कारखाना जेवायला बसला असताना, पडद्यावर आलं: मंगळ्या: आलो. मी वाचून दाखवलं. ती “बरं” म्हणाली, जसं घरातल्या माणसाला म्हणतात तसं, आणि भाकरी पुढे खाऊ लागली. त्या दिवसापासून कोणाला भीती वाटेनाशी झाली. उलट पौर्णिमा जवळ आली की माणसं विचारायची, मंगळ्या कधी येतोय? ही गोष्ट पाड्यावर गेली, पाड्यावरून भट्टीवर गेली, आणि भट्टीवर आपल्याकडची, तिकडची, घाटावरची, दर्यावरची सगळी माणसं असतात. बोईसरला एक मशीन आहे, ते हरवलेल्या माणसाला नावानं हाक मारतं आणि त्याची बायको दारात बसलेली असते, असं ती सांगू लागली. (मशीन हाक मारत नाही, ओ देतं. पण हा फरक मी कोणाकोणाला समजावणार?)

मग आली माघी पौर्णिमा. दुपार, डबे उघडलेले, ऊन पांढरं. पडद्यावर ओळ आली, मंगळ्या: आलो. मी वाचली, सोमी बरं म्हणाली. आणि गेटवरून शिवाजीराव आले. टाचा जुळवल्या नाहीत. मला म्हणाले, “साहेब, गेटवर एक माणूस उभा आहे. मंगळ्या म्हणून सांगतो.”

भिकाच्या हातून डबा पडला. जेवणारे उठून भिंतीला लागले. मीही लागलो असतो, पण माझ्यामागे कॉम्प्युटर होता. सोमी मात्र उठली, हात धुतले, पदरानं पुसले आणि गेटकडे चालू लागली. आम्ही सगळे तिच्या मागोमाग, एकमेकांना पुढे ढकलत. तो उन्हात उभा होता. विटांच्या धुळीनं लाल, दाढी वाढलेली, पायात काही नाही. सोमी त्याच्यापुढे जाऊन थांबली. मग तो म्हणाला, “आलो.”

सोमी म्हणाली, “भाकर खाल्लीस का?”

झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शेठनी पेढे आणवले, शिवाजीरावांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. पौर्णिमेलाच, आणि भर दुपारी कसा आला, याचा मी संध्याकाळपर्यंत विचार केला, तेव्हा उत्तर सोपं होतं: ओळ कधी येते ते भट्टीवरच्या प्रत्येकाला पाठ होतं, यायचं तर तेव्हाच यावं, असं त्यालाही वाटलं असेल. मी तसं सोमीला म्हणालो. ती केरसुणी झटकत होती. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “भाऊ, ह्यो त्यो नाय.” मी वळून गेटकडे बघितलं. ती म्हणाली, “पन आलाय. आलाय तं ऱ्हाऊ दे.”

शेठनी त्याला पिंपं हलवायच्या कामावर घेतलं. दुसऱ्या दिवशी उधाण उतरलं नव्हतं. तो दारात चहा पीत उभा होता, सोमी पाटावर, आणि पडद्यावर पुन्हा आलं: मंगळ्या: आलो. सगळ्यांनी ओळ बघितली, मग त्याला बघितलं. त्यानंही आधी ओळ बघितली, मग स्वतःच्या हातांकडे. म्हणाला, “मी तं हितंच हाय.” कोणी हसलं नाही, मामा. त्यानं कप खाली ठेवला आणि सोमीच्या शेजारी जाऊन बसला, अगदी चिकटून, थंडी वाजणाऱ्या माणसासारखा. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

इथं आवरतो. स्टोव्हवर भात लागल्याचा वास येतोय आणि त्याला कुठलीच तार जोडलेली नाही. मामींना नमस्कार, आणि इंजिनाला माझ्याकडून एक शिवी.

तुमचा भाचा,
कमलाकांत

ता. क. वर जे लिहायचं होतं ते सोडून बाकी सगळं लिहिलं. आता लिहितो. हा माणूस डोंगरातला नाही. पिंपांना दोरी बांधतो ती गाठ आपली आहे, बोटीच्या नांगराची. परवा मी म्हणालो की आता पडद्यावर ओळ येईल, तर तो सहज बोलून गेला, “आज नाय यायची, आज भांगाचं पाणी हाय.” आली नाही, पाणी त्या दिवशी चढलंच नव्हतं. डोंगरातल्या कोणाला उधाण आणि भांग यातलं काय कळतं? मग काल त्यानं विचारलं, मी कुठला, कोणाचा. मी आईचं माहेर सांगितलं, दातिवऱ्याच्या रामू तांडेलांचा भाचा म्हणालो. त्यानं अर्धा चहा टाकून दिला आणि विहिरीकडे निघून गेला. त्याच्या डाव्या कानाची पाळी चिरलेली आहे, मासळीच्या काट्यानं चिरावी तशी. आपल्या हिराच्या महादूला मी फक्त त्यांच्या लग्नात बघितलं होतं, तेही मुंडावळ्यांतून, कान दिसला नाही.

ता. क. दुसरा. मामा, आपला महादू तुमच्या बोटीवरून वादळात समुद्रात गेला, त्याचं काही हाती लागलं नाही, तरी रडून, वाट बघून सगळ्यांनी मिळून त्याचे दिवस केले. लेकीचा, हिराचा पाट गेल्या वर्षी तुम्ही दुसऱ्या घरी लावलात तो तिच्या बऱ्यासाठीच. ती आता सुखात आहे, पोटुशी आहे, हे आईनं सांगितलं. मला असं वाटतं, हा महादू असेल तर तो आधी दातिवऱ्याला आला असणार. रस्त्यावरूनच त्यानं घर बघितलं असणार, आणि आपली जागा भरलेली बघून तसाच मागे फिरून भट्टीवर गेला असणार. तिथं त्याला कळलं की बोईसरला एक नाव रिकामं आहे. आई येत्या होळीला तुम्हाला, हिराला आणि नव्या जावईबापूंना घिवलीला बोलावणार आहे, आणि सगळ्यांना कारखान्यातला चमत्कार दाखवायला आणणार आहे. तर माझी विनंती एवढीच, की होळीला येऊ नका, काहीही निमित्त सांगा. त्याआधी एकटे या. त्याला लांबून बघा. तो असला तर काय करायचं ते मला सुचत नाही, तुम्ही मोठे आहात.

ता. क. तिसरा. मी हे लिहिताना सोमी खोली झाडायला आली होती. कोणाला लिहिताय, विचारलं. मामाला, म्हणालो. तिनं केरसुणी उंबऱ्याला टेकवली. मग म्हणाली, “ल्हा. पन त्येंला सांगा, मानूस ज्येचा आसल त्येचा आसो. नाव माजं हाय, त्ये मी दिलंय.” तुम्ही आलात की तिला तुम्हीच उत्तर द्या.